डोक्यातली गाठ परत आली तर किमोच्या ट्रायलमध्ये नाव कसं लावायचं? नियमांत कोण बसतं, कागद कोणते लागतात

ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) घेऊन झाली, टेमोझोलोमाईडच्या म्हणजे किमोच्या गोळ्या झाल्या आणि काही महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ पुन्हा दिसली, असं ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतली जोरात वाढणारी कॅन्सरची गाठ) पेशंटमध्ये लई वेळा होतं. मग डॉक्टर लोमुस्टीन (किमोची कॅप्सूल) नाहीतर बेव्हॅसिझुमॅब (सलाईनमधून द्यायचं औषध) सुचवतात, आणि जाता जाता म्हणतात "एखादी ट्रायल चालू असेल तर बघा". आता बीड-हिंगोलीकडच्या माणसानं बघायचं कुठं, हे कुणी सांगत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी हे समजून घ्या की ट्रायल म्हणजे औषधाची चाचणी, पक्का इलाज नाही. फेज 1 मध्ये डोस किती झेपतो ते बघतात, फेज 2 मध्ये गाठीवर परिणाम होतो का ते, आणि फेज 3 मध्ये नेहमीच्या औषधाशी तुलना, त्यात कोणतं औषध मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आपण निवडू शकत नाही. घरच्यांनी पेशंटला हे स्पष्ट सांगावं असं मला मनापासून वाटतं.

शोधायचं सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या वेबसाईटवर, ही सरकारी नोंदवही आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था चालवते आणि 15 जून 2009 पासून भारतातल्या ट्रायलची नोंद तिथं सक्तीची आहे. इंग्रजी अक्षरात ग्लायोमा किंवा ग्लायोब्लास्टोमा टाकून सर्च करा, भरती चालू आहे का ते बघा, खाली हॉस्पिटल, डॉक्टरचं नाव आणि फोन नंबर असतो. फोन करूनच निघा. नाव लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथंच थांबा.

आता कोण बसतं. प्रत्येक ट्रायलचे नियम वेगळे, पण साधारण असं: वय 18 च्या वर, बायोप्सीनं पक्कं झालेलं निदान, आणि ताज्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली. पेशंट स्वतःचं स्वतः किती करू शकतो याला कार्नोफ्स्की स्कोअर म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी 60 किंवा 70 च्या वर लागतो. रक्तात प्लेटलेट साधारण 1 लाखाच्या वर, लिव्हर-किडनी ठीक, बाई असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह.

लोक अडकतात ते तारखांमध्ये. लाईट संपून बऱ्याचदा 12 आठवडे झालेले लागतात, कारण लाईटनंतर सुरुवातीला सूज आली तरी एमआरआयवर ती गाठ वाढल्यासारखीच दिसते. आधीची किमो बंद होऊन साधारण 4 आठवडे, लोमुस्टीन घेतलं असेल तर 6. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की ट्रायलचा विचार असेल तर दुसरी किमो चालू करायच्या आधीच डॉक्टरला विचारा, नंतर विचारलं की परत थांबणं आलं आणि ही गाठ थांबत नाही. फिटच्या गोळ्यांचंही तसंच, फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर लिव्हर किमोचं औषध लवकर उडवतं, त्यामुळं काही ट्रायलमध्ये घेत नाहीत. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरच बदलून देतात. डेक्साचा (डेक्सामेथासोन, मेंदूची सूज उतरवायचं औषध) डोसही एमआरआयच्या आधी काही दिवस एकसारखा लागतो.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचा तो ब्लॉक. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवून लॅबमध्ये ठेवलेला असतो, छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटवर, कडेला बायोप्सी नंबर लिहिलेला. नुसता रिपोर्ट नेला तर ट्रायलवाले ब्लॉक आणि स्लाईड मागतात आणि मुंबईहून परत फिरावं लागतं, म्हणून आधीच लॅबला अर्ज देऊन घेऊन ठेवा, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. सोबत ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, लाईटचा समरी कागद (किती ग्रे म्हणजे किती डोस, कधी संपली), किमोचा चार्ट, आणि सगळ्या एमआरआयच्या सीडी, फिल्म नाही. आधार आणि रेशन कार्डही सोबत ठेवा.

मग संमतीपत्र. औषध चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांनुसार ते पेशंटला कळणाऱ्या भाषेत पाहिजे, मराठी प्रत मागा, घरी नेऊन वाचा. त्यात शिक्षण, कामधंदा, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नावही विचारतात, घाबरू नका, तो नमुन्याचाच भाग आहे. पेशंटला वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो, आणि गाठीमुळं बोलणं-समजणं गेलं असेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. सही केलेली एक प्रत तुमची, ती घेतल्याशिवाय उठू नका. मधेच बाहेर पडता येतं, त्यानं पुढचे उपचार अडत नाहीत. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्याला 75 टक्के सूट, हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या, देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसला चालतो.

घरी आल्यावर रक्त तपासणी चुकवायची नाही, लोमुस्टीनसारख्या औषधात प्लेटलेट 4 ते 6 आठवड्यांनी उतरतात, तोवर पेशंट बरा दिसत असतो. रात्री ताप आला, फिट आली आणि जवळच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला आधी सांगा की पेशंट ट्रायलमध्ये आहे, संमतीपत्राची प्रत दाखवा, आणि ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला लगेच फोन लावा, कारण ॲडमिट झालं की ट्रायलच्या डॉक्टरला 24 तासांत वर (सरकारी औषध खात्याला आणि एथिक्स कमिटीला) कळवावं लागतं.