ठसा सरकारचा की सराफाचा?

जुन्या चांदीच्या नाण्यावर मूळ चित्राखेरीज आणखी एखादी खूण दिसली, की बाजारात तिला सरसकट 'काउंटरमार्क' म्हणतात. मला हे खटकतं. ती खूण ठोकली कोणी, हे आधी पाहायला हवं. राज्यसत्तेने किंवा तिच्या अधिकाराने ठोकला तो काउंटरमार्क. व्यापाऱ्याने नाणं पारखून ठोकला तो चॉपमार्क.

१७९७ साली, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, इंग्लंडमध्ये चांदीच्या नाण्यांचा दुष्काळ पडला. बँक ऑफ इंग्लंडकडे स्पेनचे डॉलर होते. बँकेने त्यांवरच्या स्पॅनिश राजाच्या मानेवर तिसऱ्या जॉर्जचा चिमुकला लंबगोल मुखवटा ठोकून घेतला आणि भाव लावला ४ शिलिंग ९ पेन्स. ठसा नवा नव्हताच. चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून तो आधीपासून वापरात होता. चांदी तेवढीच राहिली, पण आता त्या नाण्यामागे बँक उभी होती. मात्र एवढासा ठसा नकली करणं सोपं. काहींनी तर अस्सल डॉलरवरच खोटा ठसा मारला, कारण चांदीचा भाव उतरला की त्यातही नफा सुटे. शेवटी १८०४ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत अख्खे डॉलरच नव्या छापाने पुन्हा पाडले गेले. अख्ख्या नाण्यावर नवा छाप, हा प्रकार मात्र तिसराच; तो ना काउंटरमार्क, ना चॉपमार्क.

चीनमध्ये चांदी वजनावर चाले. परदेशी डॉलर हाती आला की व्यापारी तो तपासून आपली छोटी खूण ठोके: चांदी खरी आहे, माझी खात्री आहे. नाणं जितक्या हातांतून जाई तितक्या खुणा वाढत; काही डॉलर ठोकून ठोकून वाटीसारखे खोलगट झाले आहेत. या खुणेने कायदेशीर भाव ठरत नसे. १८९५ पासून आपल्या मुंबईच्या टाकसाळीने पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिश ट्रेड डॉलर पाडले. त्यांवरही असे चॉपमार्क सापडतात. 'चॉप' हा शब्दसुद्धा आपल्या 'छाप'चाच.

आपले सराफही रुपये पारखताना असेच टोचे मारत. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयाला ते बट्टा लावत, म्हणजे त्याची किंमत कमी धरत; नावाला बट्टा लागतो तो हाच. पण तोच रुपया पूर्व आफ्रिकेत पोर्तुगीजांच्या मोझांबिकमध्ये गेला आणि त्यावर मुकुटाखाली 'पी एम' ही अक्षरं उमटली, तर तो काउंटरमार्क, कारण ठोकणारं सरकार होतं.

विकत घेताना नाणं उलटून बघा. खऱ्या ठोक्याने मागची बाजू थोडी तरी चपटते. आणि ठसा नाण्यानंतरचा असतो, तेव्हा नाणं कोरं करकरीत आणि ठसा मात्र झिजलेला दिसला, तर पैसे खिशातच ठेवा.