हार्ट पॅकेजसाठी रक्त द्यायला येण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर एकच वाद रोज होतो. आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळलेला माणूस उठतो, घाबरलेला असतो, ‘एकदाचं सगळं चेक करून टाकू’ म्हणून थेट हार्ट पॅकेज करायला येतो. एचएस-सीआरपी (रक्तातलं सीआरपीचं अगदी थोडं प्रमाणही मोजणारी टेस्ट) येतो १८, शेजारी ठळक ‘हाय’. संध्याकाळी फोन: तुमचं मशिन बिघडलंय का?

मशिन ठीक आहे. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि अंगात कुठेही दाह झाला की काही तासांत वाढतं. व्हायरल ताप असो, दाढ सुजलेली असो की पायाची जखम चिघळलेली असो, यकृताला सगळं सारखंच. हृदयाच्या धोक्यासाठी आपण पाहतो ते प्रमाण फारच थोडं असतं: १ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या पुढे गेलेल्या आकड्यावरून हृदयाचा अंदाज बांधत नाहीत. आधी इन्फेक्शन किंवा दाह कुठे आहे ते शोधायचं आणि पूर्ण बरं वाटल्यावर, किमान दोन आठवड्यांनी, पुन्हा रक्त द्यायचं. म्हणजे पैसेही दोनदा आणि सुईही दोनदा.

म्हणून आमच्या काउंटरवरच्या मुली विचारतात, ‘ताप आला होता का? दाताचं काही काम केलंत का?’ काही जण चिडतात, ‘पैसे आम्ही देतोय ना, मग रक्त घ्या.’ परत पाठवलं तर त्या दिवसाचं बिल आमचंच बुडतं, तरीही विचारणार.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. काही मशिनवर त्यामुळे ट्रोपोनिनसारख्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या) टेस्टचा आकडा चुकीचा येतो.

एनटी-प्रोबीएनपी पॅकेजमध्ये का नाही, असंही विचारतात. मुद्दामच नाही. हृदयावर ताण आला की तो वाढतो, पण वयामुळे आणि किडनीच्या त्रासामुळेही वाढतो, आणि लठ्ठ माणसात कमी दिसतो. दम लागतोय, पाय सुजतायत म्हणून डॉक्टरांनी लिहून दिला की जरूर करू. उगाच हौस म्हणून नको.

लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) मात्र एकदा करून घ्याच, विशेषतः घरात कुणाला ऐन पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर. तो आनुवंशिक असतो, पथ्याने फारसा हलत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरतो, दरवर्षी करायला आलात तर आम्ही जुनाच रिपोर्ट काढून देऊ.

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय, अशा वेळी ट्रोपोनिन करायला आमच्याकडे येऊ नका. दुखू लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत तो नॉर्मल येऊ शकतो, आणि तुम्ही निर्धास्त घरी जाल. ईसीजी आणि पुन्हा-पुन्हा ट्रोपोनिन हॉस्पिटलातच होतं. १०८ ला फोन करा.

बाकी पॅकेजसाठी सकाळी उपाशीपोटी या. पाणी चालेल, चहा नको, ‘बिनसाखरेचा’सुद्धा नको. ज्येष्ठांचं सॅम्पल सकाळी साडेसहापासून घरी येऊन घेतो, आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. तापामुळे सीआरपी पुन्हा करावा लागला तर आधीचा रिपोर्ट घेऊन या, फक्त त्या एका टेस्टचेच पैसे घेऊ.