आधी रोख, मग औषध: घानाच्या आरोग्य विम्याआधीची वर्षे

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारच्या काळात सरकारी दवाखान्यांतला उपचार मोफत होता, खर्च करांतून भागे. पुढे निर्यातीचे मुख्य पीक असलेल्या कोकोचे भाव पडले, तिजोरी आटली. १९७१ च्या कायद्याने रुग्णांकडून थोडी फी घेणे सुरू झाले.

खरा घाव १९८५ चा. जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या कर्जांबरोबर आलेल्या आर्थिक पुनर्रचनेत फी एकदम वाढली आणि औषधांची पूर्ण किंमत रुग्णावर पडली. ही पद्धत पुढे 'कॅश अँड कॅरी', म्हणजे रोख भरा आणि औषध न्या, या नावाने ओळखली गेली. अशांती-अकिम भागात दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या धाडकन घसरली. शहरी केंद्रांत ती हळूहळू सावरली, खेड्यांत सावरली नाही. माणूस अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याची कमाईही थांबलेली असते. नेमक्या त्याच घडीला त्याच्यापुढे हात पसरणारी व्यवस्था मला क्रूरच वाटते.

पर्याय आधी खालून आला. न्कोरान्झा येथील सेंट थेरेसा या कॅथलिक रुग्णालयाने १९९२ मध्ये आसपासच्या कुटुंबांसाठी वर्गणीचा विमा सुरू केला. मग २००० च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन कुफोर यांनी 'कॅश अँड कॅरी' बंद करण्याचे वचन दिले, ते निवडून आले आणि २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला.

पण पैसा आणायचा कुठून? बहुसंख्य लोक शेतकरी, किरकोळ विक्रेते, कारागीर. ज्यातून कपात करावी असा पगारच नाही. म्हणून व्हॅटबरोबर २.५ टक्के आरोग्य अधिभार बसवला. याच व्हॅटविरुद्ध १९९५ मध्ये राजधानी अक्रामध्ये 'कुमे प्रेको' नावाचा मोर्चा निघाला होता, त्यात माणसे मेली आणि कर मागे घ्यावा लागला होता. १९९८ मध्ये तो कमी दराने परत आला. एकेकाळी इतका नकोसा झालेला कर विम्याचा सर्वांत मोठा आधार बनला, कारण या वेळी पैसा कुठे जाणार हे लोकांना ठाऊक होते, असे मला वाटते. नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा निधीतूनही वाटा आला. १८ वर्षांखालील मुले, सत्तरी ओलांडलेले वृद्ध आणि २००८ पासून गरोदर स्त्रिया यांना वर्गणी माफ झाली.

२०१२ मध्ये विम्याच्या जिल्हावार योजना एका छत्राखाली आल्या. तरी रुग्णालयांची बिले महिनोन्‌महिने थकत राहिली आणि काही ठिकाणी विमाधारकांकडेच पुन्हा रोख मागितली जाऊ लागली. त्यातच २०१७ च्या कायद्याने ठरावीक कामांसाठी राखून ठेवलेल्या निधींवर कमाल मर्यादा घातली, त्यामुळे आरोग्याच्या नावाने गोळा झालेला काही पैसा इतरत्र वळला. विम्यापुरती ही मर्यादा उठवण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.