बाथरूम फोडायला घेण्याआधी

सगळ्यात जास्त त्रास धुळीचा होतो. जुन्या टाइल्स आणि त्याखालचा कोबा फोडताना पिठासारखी बारीक धूळ उडते आणि बंद दाराच्या फटीतूनही आत शिरते. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट. घरात दमा असलेलं कुणी किंवा तान्हं बाळ असेल तर तोडफोडीचे दोन-तीन दिवस त्यांची सोय दुसरीकडे करा, हे आमचं कळकळीचं सांगणं आहे. बाकीच्या खोल्यांच्या दारांखाली ओलं फडकं लावा. गाद्या, टीव्ही, देव्हारा प्लास्टिकने झाका. नुसत्या चादरीतून धूळ झिरपते. एसी आणि पंखे बंदच ठेवा.

बाथरूमकडे येणाऱ्या लाइनचा मेन कॉक आठवडाभर आधी एकदा फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐन वेळी जाम निघाला, तर अख्ख्या विंगचं पाणी बंद करावं लागतं. जाम असेल तर आम्हाला फोन करा, आधी तोच बदलू.

सोसायटीची परवानगी, अनामत रक्कम आणि हातोडा चालवायच्या वेळा सेक्रेटरींकडून लेखी घ्या. राडारोडा गोण्यांत भरून आम्ही नेतो, पण गाडी येईपर्यंत गोण्या कुठे ठेवायच्या तेही विचारून ठेवा.

खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः जाऊन भेटा. त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो आमच्यासमोर काढले जावेत असा आमचा आग्रह असतो. जुना ओलावा कोणता आणि नवा कोणता, यावरून शेजारधर्म तुटायला नको.

वॉटरप्रूफिंगनंतर आम्ही पाणी भरून किमान 48 तास तसंच ठेवतो आणि खाली जाऊन छत पाहतो. या दिवसांत काम थांबल्यासारखं वाटेल, पण यात घाई करू देऊ नका, आम्हालाही नाही. एका बाथरूमला तीन आठवडे धरा. ‘गणपतीच्या आत द्या’ असं पंधरा दिवस आधी सांगितलंत, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणू.

आणखी एक. आमची माणसं दिवसभर तुमच्याकडे असतात. त्यांनी कोणतं संडास वापरायचं, पिण्याचं पाणी कुठून घ्यायचं, हे पहिल्याच सकाळी दाखवा. घरात एकच संडास असेल तर आम्ही मापं घ्यायला येऊ तेव्हाच बोला. तुमची आणि त्यांची, दोघांची व्यवस्था आधी लावू आणि मगच तोडफोडीची तारीख ठरवू.