हरवलेल्यांची एकच यादी

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकले, न्यू ऑर्लिन्सचे पूरसंरक्षक बांध फुटले आणि शहरातली माणसे कित्येक राज्यांत विखुरली. पुढच्या काही दिवसांत इंटरनेटवर हरवलेल्यांच्या याद्यांचे पेव फुटले. वर्तमानपत्रांनी आपापल्या संस्थळांवर फलक उघडले, मदतसंस्थांनी उघडले, काही उत्साही मंडळींनी घरबसल्या उघडले. प्रत्येकाचा हेतू चांगलाच होता, पण याद्या जितक्या वाढल्या तितका शोध अवघड झाला. कारण आईने मुलाची चौकशी एका फलकावर करावी आणि मुलाने आपली खुशाली दुसऱ्याच फलकावर कळवावी, असे सहज घडू शकत होते. दोन्ही नोंदी खऱ्या असूनही त्यांची गाठ पडण्याची सोय नव्हती.

तेव्हा स्वयंसेवक कामाला लागले. मजकूर मोकळाढाकळा लिहिलेला असल्यामुळे संगणकाला त्यातून नाव कोणते आणि पत्ता कोणता हे उमगत नव्हते. म्हणून माणसांनीच एकेक नोंद वाचून तिच्यातले नाव, गाव आणि वर्णन ठरावीक रकान्यांत भरायला सुरुवात केली. हे हमालीचे काम चालू असतानाच संगणकतज्ज्ञ का-पिंग यी आणि त्यांचे सहकारी यांनी एक छोटा मसुदा तयार केला. त्याचे नाव पीपल फाइंडर इंटरचेंज फॉरमॅट, म्हणजे पीएफआयएफ. हरवलेल्या माणसाची नोंद कशी लिहावी, जेणेकरून एका यादीतली माहिती दुसऱ्या यादीला जशीच्या तशी वाचता येईल, एवढेच त्यात सांगितलेले होते.

या मसुद्याची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. त्यात दोनच प्रकारच्या नोंदी आहेत. पहिली व्यक्तीची: नाव, घरचा पत्ता, वर्णन, छायाचित्र, म्हणजे जी माहिती सहसा बदलत नाही ती. दुसरी टिपणाची: त्या व्यक्तीला कोणी, कधी, कुठे पाहिले, ती कशी आहे. टिपण खोडायचे नाही. नवी बातमी आली की नवे टिपण जोडायचे, त्यामुळे काल काय वाटत होते आणि आज काय कळले हे दोन्ही वाचणाऱ्याला दिसते. प्रत्येक नोंदीच्या क्रमांकाआधी ती मुळात ज्या संस्थळावर झाली त्याचे नाव असते, म्हणजे ती दहा ठिकाणी उतरवली गेली तरी तिचे माहेर विसरले जात नाही. टिपणातल्या स्थितीचे पर्याय तर मला फार शहाणपणाचे वाटतात. 'जिवंत आहे' असा पर्याय तिथे नाही, 'जिवंत असल्याचे समजते' असा आहे. तसेच 'बेपत्ता असल्याचे समजते' आणि 'मृत असल्याचे समजते'. खात्रीने बोलायला एकच पर्याय जवळचा आहे, तो म्हणजे 'हे टिपण मी स्वतःच लिहितो आहे'.

अशा कामाला हॅकेथॉनचे रूप पुढे आले. हॅकेथॉन म्हणजे प्रोग्रामर, आराखडे करणारे आणि विषयाचे जाणकार यांनी एक-दोन दिवस, बहुधा शनिवार-रविवारी, एकत्र बसून एखाद्या अडचणीवर चालता नमुना उभा करणे. यातला 'हॅक' हा चोरीचा नव्हे, हिकमतीचा. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे 'रँडम हॅक्स ऑफ काइंडनेस' या उपक्रमाचे पहिले संमेलन झाले. त्यामागे गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि जागतिक बँक होती. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक इथे आपत्तिनिवारणासाठी शेजारी बसले. तिथे पहिला ठरला तो 'आय ॲम ओके' हा कार्यक्रम: संकटात सापडलेल्याने मोबाइलवरून आपली खुशाली आप्तांना एका संदेशाने कळवायची. पुन्हा तोच प्रश्न, फक्त दुसऱ्या टोकाने धरलेला.

दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी २०१० रोजी, हैतीत भूकंप झाला आणि याद्यांचे पेव पुन्हा फुटले. मात्र या वेळी मसुदा हाताशी होता. गूगलच्या अभियंत्यांनी तीन दिवसांच्या आत पर्सन फाइंडर हे हरवलेल्यांच्या नोंदी ठेवण्याचे व शोधण्याचे संस्थळ उभे केले आणि इतर संस्थळांना त्याच नमुन्यात नोंदी देता-घेता येऊ लागल्या. तीन दिवसांच्या या वेगाचे कौतुक खूप झाले. माझ्या मते त्याचे निम्मे श्रेय साडेचार वर्षांपूर्वीच्या त्या रुक्ष कागदाला द्यायला हवे. हॅकेथॉनमध्ये जन्मलेले बहुतेक नमुने सोमवारी विसरले जातात, कारण ते एकटेच उभे असतात. टिकते ते सहसा दुसऱ्याच्या कामाला जोडता येणारे असते.

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर हीच व्यवस्था दोन तासांच्या आत सुरू झाली आणि तिच्यात सहा लाखांहून अधिक नोंदी जमल्या. पण निवारा-छावण्यांमध्ये माणसांची नावे कागदावर हाताने लिहून भिंतींना चिकटवलेली होती. लोकांनी त्या कागदांची मोबाइलने छायाचित्रे काढून चढवली आणि स्वयंसेवकांनी ती डोळ्यांनी वाचून नावे टंकली. २००५ ची हमाली इथेही चुकली नाही. शिवाय जपानी चित्रलिपीतले एकच नाव अनेक प्रकारे उच्चारता येते, म्हणून नावाचा उच्चार लिहायला वेगळी जागा लागली. आपल्याला हे परके वाटू नये. वाघमारे हे आडनाव रोमन लिपीत कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने, आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहणाऱ्या संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी घराणी होतात. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या महापुरानंतर पर्सन फाइंडर हिंदीतही उघडले गेले, तेव्हा ही अडचण आपल्याही दारात आली.

एक गोष्ट उत्साहाच्या भरात मागाहून सुचते. हरवलेल्या माणसाचे नाव, पत्ता आणि छायाचित्र सर्वांसाठी उघडे असते, तेव्हा ते आप्तांबरोबरच फसवणूक करणाऱ्यालाही दिसते. शोध संपल्यावर ही माहिती उघड्यावर राहण्याचे काही कारण उरत नाही. म्हणून मसुद्यात पुढे नोंदीच्या मुदतीची तारीख घातली गेली. ती तारीख उलटली की नाव, पत्ता, टिपणे सगळे पुसायचे आणि केवळ क्रमांक व तारखा असलेली कोरी नोंद मागे ठेवायची. ही कोरी नोंद दिसली की तिची प्रत बाळगणाऱ्या इतर याद्यांनाही कळते, की आपल्याकडचे नावही आता काढून टाकायचे आहे.