बहात्तरचा दुष्काळ, पेरूची मासळी आणि समुद्राचे करार

'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की महाराष्ट्रात आजही खडी फोडण्याची कामं, पाझर तलाव, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी आठवतात. त्याच वर्षी पॅसिफिक महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला, पेरूच्या किनाऱ्यावर, मासळी आटली. दोन्हीकडे मोठा हात एल निन्योचा, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेचा होता. समुद्र राखणं आणि जगाचं पोट भरणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, असा समज तोवर जवळजवळ सगळ्यांचाच होता. त्या वर्षाने तो खोटा ठरवला. तरीही पुढची कित्येक दशकं जगाचा कारभार त्याच समजावर चालला, हे मला या इतिहासातलं सर्वांत दुर्दैवी वाटतं.

पेरूची मासळी म्हणजे अँकोवेटा, वीतभरही न भरणारा मासा. तिथल्या थंड हम्बोल्ट प्रवाहात खालचं पोषक पाणी सतत वर येतं, आणि त्यावर या माशांचे प्रचंड थवे वाढतात. एकोणिसाव्या शतकात हे मासे खाणाऱ्या समुद्रपक्ष्यांची विष्ठा चिंचा बेटांवरून खणून जहाजांनी युरोपला जात असे. तिथल्या शेतांना ते खत होतं. आपल्याकडे कोकण-गोव्यात माडाच्या मुळाशी मासळीचं खत घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पण १९५० नंतर पेरूत पक्ष्यांना वगळून थेट मासाच उचलायला सुरुवात झाली. किनाऱ्यावर फिश मीलचे कारखाने उभे राहिले. मासा वाळवून, दळून अमेरिका-युरोपातल्या कोंबड्यांना आणि डुकरांना खाऊ घातला जाऊ लागला. १९७० मध्ये ही पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली. वर्षाला साधारण ९५ लाख टनांच्या पुढे जाऊ नये, असं शास्त्रज्ञ सांगत होते.

१९७२ मध्ये पाणी तापलं. उरलेले मासे किनाऱ्यालगतच्या थंड पाण्याच्या पट्ट्यांत दाटीवाटीने गोळा झाले, त्यामुळे ते पकडणं उलट सोपं झालं. होड्यांनी तेही उपसले. १९७३ ची पकड जेमतेम २० लाख टनांच्या आसपास राहिली.

फिश मील मिळेना म्हणून पशुखाद्यवाले सोयाबीनकडे वळले. सोयाबीनचे भाव असे भडकले, की जून १९७३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी त्याची निर्यातच थांबवली. टोफू आणि मिसोसाठी अमेरिकी सोयाबीनवर विसंबलेला जपान हादरला, आणि पुढे त्याने ब्राझीलच्या सेराडो पठारावर सोयाबीनची शेती उभी करायला पैसा घातला. गव्हाच्या बाजारातही तेव्हा आग लागलेली होती, कारण १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेचं धान्य प्रचंड प्रमाणात उचललं होतं. दुष्काळात सापडलेल्या भारताला धान्य घ्यायचं होतं ते याच बाजारातून.

याच काळात, १९७४ साली, दोन मोठ्या परिषदा झाल्या. व्हेनेझुएलातल्या काराकासला जून ते ऑगस्ट समुद्राच्या कायद्यावर चर्चा झाली, आणि नोव्हेंबरमध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली. दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असं रोमला हेन्री किसिंजर म्हणाले. त्या परिषदेतून कृषी विकासाचा आंतरराष्ट्रीय निधी आणि अन्नसुरक्षेची समिती निघाली. भर होता तो धान्याचे साठे, खतं आणि सिंचन यांवर. काराकासला मुख्य वाद होता तो समुद्राचा कोणता पट्टा कोणाचा, याचा. वास्तविक १९४५ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आपल्या घटनेतच मासेमारी शेतीत धरलेली होती. मोठ्या वाटाघाटींत मात्र मासा आणि धान्य वेगळ्या खोल्यांत बसले.

समुद्राचा वाद १९८२ च्या कायदेविषयक कराराने मिटला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या-त्या देशाचा हक्क मान्य झाला. भारताने तर आपल्या कायद्याने तो १९७६ मध्येच सांगितला होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांसाठी हा मोठा विजय होता, यात शंका नाही. पण हक्क मिळाला म्हणून मासा वाचतोच असं नाही. कॅनडाने १९७७ मध्ये परदेशी ट्रॉलर २०० मैलांबाहेर काढले आणि मग स्वतःच्याच ट्रॉलरनी न्यूफाउंडलंडचा कॉड मासा संपवत आणला. जुलै १९९२ मध्ये तिथे मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला.

कॉडच्या धक्क्यानंतर १९९५ या एकाच वर्षात बरंच काही घडलं. देशांच्या हद्दी ओलांडणाऱ्या माशांसाठी करार झाला, जबाबदार मासेमारीची आचारसंहिता आली, आणि डिसेंबरमध्ये क्योटोला मासेमारी आणि अन्नसुरक्षा या जोडविषयावर परिषद भरली. आचारसंहिता मात्र ऐच्छिक होती. लहान मच्छीमारांना त्यात पुरेशी जागा नव्हती, म्हणून २०१४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. ती चेन्नईच्या चंद्रिका शर्मा यांना अर्पण केलेली आहेत. त्यांसाठी त्या वर्षानुवर्षं झटल्या. मार्च २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्याच बैठकीला मंगोलियाला निघालेल्या असताना, बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात त्या होत्या.

खरी गाठ होती पैशाची. स्वस्त डिझेल आणि बोटबांधणीला सरकारी मदत नसती, तर दूरच्या समुद्रात महिनोन्महिने राहणारे कित्येक ताफे परवडलेच नसते. या अनुदानांवर जागतिक व्यापार संघटनेत २००१ पासून बोलणी सुरू झाली आणि २१ वर्षं चालली. दरम्यान, मर्यादेपेक्षा जास्त उपसल्या जाणाऱ्या मत्स्यसाठ्यांचं प्रमाण १९७४ च्या १० टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३७.७ टक्क्यांवर गेलं होतं.

जून २०२२ मध्ये जिनिव्हात करार झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. बेकायदा मासेमारीला, आधीच खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला आणि कोणाचंच नियंत्रण नसलेल्या खुल्या समुद्रातल्या मासेमारीला अनुदान देता येणार नाही, एवढं त्यात ठरलं. त्याच बैठकीत अन्नसुरक्षेवरचं निवेदनही संमत झालं. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या धान्यखरेदीवर निर्यातबंदी लावायची नाही, असंही ठरलं. मासा आणि धान्य अखेर एका टेबलावर आले. ताफे अवाढव्य करणाऱ्या अनुदानांचा मुख्य प्रश्न मात्र बाजूला ठेवला गेला. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अबू धाबीलाही तो सुटला नाही.

भारताने तिथे विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची सवलत मागितली आणि दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या देशांची अनुदानं आधी थांबवा, असा आग्रह धरला. मला ही भूमिका न्याय्य वाटते. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळण्याची वाट पाहणारा कोकणातला बोटवाला आणि महासागर ओलांडून जाणारा ताफा यांना एकच नियम लावता येणार नाही. पण सवलत मागणाऱ्याने घरचा समुद्रही सांभाळला पाहिजे. १ जून ते ३१ जुलैची बंदी आपण पाळतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तिच्याबद्दलच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. त्याहून लहान मासा जाळ्यात आला तर तो बाजारात यायला नको. हा नियम बंदरावर, लिलावाच्या वेळी पट्टी लावूनच पाळला जाईल किंवा मोडला जाईल.

जिनिव्हाच्या करारात एक कलम असंही आहे, की लागू झाल्यापासून चार वर्षांत अनुदानांचे सर्वंकष नियम ठरले नाहीत, तर सदस्य देशांनी वेगळा निर्णय घेतल्याशिवाय हा करार आपोआप संपेल. ती मुदत सप्टेंबर २०२९ मध्ये भरते.