टणक लाकडाचा कागदही टणक?

एका ओळखीच्या शेतकऱ्याने परवा विचारलं, "पडीक जमिनीत निलगिरी लावू की सुबाभूळ? कागद कारखान्याला टणक लाकूडच लागत असेल ना?" हा समज फार जणांचा आहे, आणि तो चुकीचा आहे.

लाकूड म्हणजे बारीक पोकळ नळ्यांची मोळी. लिग्निन नावाचं द्रव्य त्यांना चिकटवून ठेवतं. कारखान्यात लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये सुमारे १७० अंश सेल्सियसला शिजवतात. लिग्निन विरघळलं की नळ्या सुट्या होतात. हाच लगदा.

खरी गंमत लगदा वाळताना घडते. नळीची भिंत पातळ असेल, तर हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी ती चपटी होते. अशा दोन फिती एकमेकींवर सपाट बसतात आणि त्यांच्या सेल्युलोजमध्ये (भिंतीचं मुख्य द्रव्य) असंख्य हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी पकड, जुळतात. कागद धरून ठेवतात ते मुख्यतः हेच बंध. वर्तमानपत्र भिजलं की लगेच फाटतं, कारण पाणी या बंधांमध्ये शिरतं. भिंत जाड असेल, जशी टणक लाकडात बहुधा असते, तर नळी गोलच राहते. दोन पेन्सिली आडव्या-उभ्या ठेवल्या तर जेवढ्या टेकतील, तेवढ्याच या नळ्या टेकतात.

हे मोजायला रुंकेल गुणोत्तर आहे: भिंतीच्या जाडीची दुप्पट भागिले पोकळीचा व्यास. १६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद नळीची भिंत ३ मायक्रॉन असेल, तर पोकळी १० आणि उत्तर ०.६. भिंत ५ मायक्रॉन झाली की पोकळी ६ उरते आणि उत्तर १.६७ वर जातं. एकच्या आत असलेलं बरं. एकाच झाडात गाभ्याजवळचे तंतू, म्हणजे याच नळ्या, आखूड व पातळ भिंतीचे, सालीकडचे लांब व जाड भिंतीचे असतात; म्हणून तोडणीचं वयही महत्त्वाचं.

पण जाड भिंत म्हणजे दोषच, असं नाही. असे तंतू कागदाला फुगीरपणा देतात. निलगिरीचा तंतू जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो. छपाईच्या गुळगुळीत कागदाला तो उत्तम. सिमेंटच्या मजबूत कागदी पिशवीला मात्र पाइनचा ३ मिलिमीटरचा तंतू हवा. बांबूचा तंतू या दोन्हींच्या मधला, पण त्यातली सिलिका (वाळूतलं द्रव्य) कारखान्याच्या यंत्रांत साचते.

"पाच वर्षांत एकरी लाखो" म्हणत रोपं विकणाऱ्या जाहिरातींत यातलं काहीच नसतं. शेतकऱ्याला मी म्हटलं, रोपं घेण्याआधी जवळच्या कारखान्याला विचार: कोणतं लाकूड घेता, किती वर्षांचं, आणि सालीसकट की सोलून?